एसटीपीचं पाणी बागेला आणि घरात लहान मुलं: लॉनपेक्षा नळ आणि विहीर बघा

प्रश्न असा आलाय: रत्नागिरीतल्या एका सोसायटीत यंदापासून एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, शुद्ध केलेलं पाणी लॉनला आणि झाडांना सोडायला लागलेत, घरात तीन आणि सात वर्षांची दोन मुलं, दोघंही संध्याकाळभर त्याच लॉनवर लोळतात, मागच्या बाजूला काही घरांनी मिळून भाजीचे वाफे केलेत त्यांनाही तेच पाणी. आणि गुहागरच्या बाजूला सासरी वाडी आहे, तिथे दीर म्हणतायत की सेप्टिक टँकचं पाणी नुसतं शोषखड्ड्यात जातंय ते सुपारीला सोडू, मे महिन्यात तरी झाडं वाचतील. हे सगळं मुलांसाठी सेफ आहे का?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मग. एसटीपी नीट चालवत असतील तर मुलांना लॉनवर खेळू द्या. भाजीचं जरा बघून. आणि दिरांना आजच फोन करून थांबवा.

मी बरीच वर्षं रायगड-रत्नागिरी पट्ट्यात सोसायट्या, हॉटेलं, शाळा यांच्या छोट्या एसटीपींचं काम करतोय. लोक विचारतात पाणी शुद्ध आहे का, आणि कमिटीवाले छातीठोकपणे सांगतात बीओडी दहाच्या आत आहे. बीओडी हे सेंद्रिय घाणीचं माप आहे हो, जंतूंचं नाही. कच्च्या मैलापाण्यात १०० मिलीला कॉलिफॉर्म जंतू कोटीच्या घरात असतात, टाकीतल्या बॅक्टेरियांनी त्यातले ९९ टक्के संपवले तरी लाखभर उरतातच, आणि पाणी दिसायला एकदम काचेसारखं, वासही नाही. म्हणजे मुलांच्या दृष्टीने खरं काम होतं ते शेवटी, फिल्टर आणि त्यानंतरचं क्लोरीन किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा), आणि छोट्या सोसायट्यांत नेमकं हेच दुर्लक्षित असतं, कारण टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला तर वास सुटतो आणि बोंबाबोंब होते, क्लोरीनचा डोसिंग पंप बंद पडला तर कुणालाच कळत नाही.

आकडे कुठले मागायचे ते सांगतो. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जंतू) १०० मिलीला १००० पर्यंत चालतं असं आहे, २०१९ मध्ये हरित लवादाने ते कडक करून २३० पर्यंत आणलं, पण हे पाणी बाहेर सोडण्यासाठीचे आकडे आहेत, मुलांच्या लॉनसाठीचे नाहीत. कमिटी तुम्हाला २३० चा रिपोर्ट दाखवून पास म्हणेल, त्यावर खूश होऊ नका. जिथे लोक मोकळेपणी वावरतात अशा बागेसाठी अमेरिकेच्या ईपीएची (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेची) २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं मी वापरतो: फीकल कॉलिफॉर्म सापडताच कामा नये, गढूळपणा २ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत, आणि क्लोरीन टाकल्यावर अर्धा-पाऊण तास थांबल्यानंतरही लिटरला निदान १ मिलिग्रॅम शिल्लक. गढूळपणाचा संबंध काय असं वाटेल, तर बारीक कण असले की जंतू त्याच्या आड लपतात, क्लोरीन तिथवर पोचत नाही आणि यूव्हीची तर सावलीच पडते. म्हणून फिल्टर बायपास करून "क्लोरीन डबल टाकलंय" म्हणणाऱ्या ऑपरेटरवर विश्वास ठेवू नये.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता, लॅब नको. ग्रामपंचायतीचा पाणीवाला नळाच्या पाण्याची करतो तीच ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे आणि लगेच बघायचं, लगेच म्हणजे पाच-सात सेकंदांत. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. एसटीपीच्या पाण्यात एक गंमत होते ती पिण्याच्या पाण्यात सहसा होत नाही, पाण्यात अमोनिया राहिलेला असला तर क्लोरीन त्याला जाऊन चिकटतं आणि त्याची ताकद खूप कमी होते, अशा वेळी नळी आधी जवळजवळ पांढरीच दिसते आणि मग बोलत उभं राहिलं की पाचेक मिनिटांत मस्त पिवळी होते. ऑपरेटर ती पाच मिनिटांनंतरची नळी दाखवतो. त्याला वाटतं बरोबरच आहे, मुद्दाम फसवत नसतो बिचारा, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि नमुना टाकीजवळ घेऊ नका, लॉनवरच्या सगळ्यात लांबच्या टोकाला घ्या. हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीनचे) कॅन उन्हात पत्र्याखाली ठेवलेले असतील तर तेही बघा, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात हायपोची ताकद झपाट्याने उतरते आणि मग डोस तोच, परिणाम अर्धा.

आता जंत. मुलांच्या बाबतीत मला बॅक्टेरियापेक्षा याची जास्त काळजी वाटते, कारण जंतांच्या अंड्यांना क्लोरीन काही करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शेतीच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त १ अंडं अशी मर्यादा आहे, आणि जिथे १५ वर्षांखालची मुलं त्या पाण्याच्या संपर्कात येतात तिथे जादा काळजी घ्यायला सांगितलंय, म्हणजे पाणी ०.१ पर्यंत आणा, वगैरे. दहापट कडक, कारण मुलं मातीत हात घालतात आणि तोच हात तोंडात. बरं या अंड्यांचं एक चांगलं आहे की ती जड असतात, टाकीत खाली बसतात आणि उरलीसुरली वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतात, म्हणजे फिल्टर चालू असेल तर पाण्यातून येण्याची शक्यता फारच कमी. पण खाली बसतात म्हणजे जातात कुठे? गाळात. आणि तो गाळ वाळवून, पोत्यात भरून, "सोसायटीचं ऑरगॅनिक खत" म्हणून झाडांना घातला जातो! पाण्याबद्दल दहा प्रश्न विचारणारे पालक त्या पोत्याबद्दल एकही विचारत नाहीत. राउंडवर्मची अंडी ओलसर सावलीच्या मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात, आणि आपल्या कोकणात ओलसर सावलीला काय तोटा. तुमच्या भाजीच्या वाफ्यात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेत तो गाळ गेलाय का, हे आधी विचारा, गेला असेल तर ते वाफे फुलझाडांना द्या आणि मुलांना त्या मातीपासून लांब ठेवा.

जंतांच्या गोळीचं सांगायला हवंच. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, शाळेत आणि अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. खाजगी शाळेतल्या मुलांचे पालक "आमच्याकडे गरज नाही" म्हणून टाळतात, टाळू नका. आणि लॉनवर अनवाणी नको, चप्पल घालून खेळू दे, हुकवर्म पायाच्या कातडीतून शिरतो.

लॉनवर पाणी मारायची वेळ हा खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय. रात्री दहानंतर किंवा पहाटे सोडा, मुलं येईपर्यंत गवत कोरडं झालेलं असलं पाहिजे, संध्याकाळी पाचला स्प्रिंकलर चालू आणि मुलं त्या फवाऱ्यातून पळतायत हे दृश्य मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि मोठी माणसं कौतुकाने व्हिडिओ काढत असतात. बारीक तुषार वाऱ्याबरोबर खिडक्यांतून आत जातो, समुद्राचा वारा दुपारनंतर जोरात असतो हे तर माहितीच आहे. जमलं तर ठिबक करा, सोसायटीचा खर्च होईल, पण निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते. नळ आणि पाईप.

माझ्या माहितीतला एक रिसॉर्ट, समुद्राला लागून. मे महिना, टँकर दोन दिवस आला नाही, खोल्या फुल्ल. केअरटेकरने बागेच्या लाईनचा होज उचलून गच्चीवरच्या टाकीत टाकला, फ्लशपुरतं म्हणून. त्या टाकीतून फ्लशही जायचं आणि वॉशबेसिनही. तीन दिवसांनी टँकर आला, होज तसाच राहिला. पाणी स्वच्छ दिसत होतं त्यामुळे कुणाला शंका नाही, पोटं बिघडली तेव्हा दोष माशांवर गेला. कोकणात हे असंच होतं, प्लंबर अडाणी असतो म्हणून नाही, टंचाई असते म्हणून. एप्रिल-मेमध्ये ज्याच्याकडे पाणी आहे अशी एकच लाईन उरते, ती एसटीपीची, आणि कुणाचा तरी हात तिच्याकडे जातोच.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेक्टजवळ लाइडशे राइन नावाच्या नव्या वसाहतीत घरोघरी दोन नळ दिले होते, एक पिण्याचा, एक फ्लश आणि वॉशिंग मशीनसाठी कमी शुद्ध पाण्याचा. डिसेंबर २००१ मध्ये दोन लाईन चुकून जोडल्या गेल्या, लोक आजारी पडले, आणि पुढे २००३ मध्ये तिथल्या सरकारने अशा घरगुती दुहेरी योजना बंदच केल्या. एवढे शिस्तीचे लोक, तिथे झालं.

म्हणून एक साधी तपासणी रविवारी सकाळी कमिटीला करायला लावा. बागेच्या लाईनचा पंप बंद करा, लाईन रिकामी होऊ द्या, मग तुमच्या घरातले सगळे नळ उघडा, कुठला नळ गप्प झाला तर तो बागेच्या लाईनवर आहे. मग उलटं करा, पिण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, बागेचा पंप चालू, घरातल्या एकाही नळाला पाणी येता कामा नये. तासाभराचं काम. वर्षातून दोनदा, आणि कुठलंही प्लंबिंग झालं की परत, मेअखेरीला तर नक्की. पाईपला जांभळा रंग मारा, बाहेरच्या देशांत शुद्ध केलेल्या सांडपाण्याला तोच रंग वापरतात, ऑपरेटर बदलला तरी कळतं. बागेतल्या नळाला हातानं फिरणारी कळ नको, वेगळ्या किल्लीनेच उघडणारा नळ बसवा. क्रिकेट खेळून तहानलेली पोरं पाटी वाचत नाहीत, तोंड लावतात, आणि तीन वर्षांच्या मुलाला तर पाटी वाचताही येत नाही. त्याच्याच शेजारी पिण्याच्या पाण्याचा एक नळ द्या, हे सांगायला कुणी इंजिनीयर लागत नाही पण कुणी करत नाही.

भाजी. इथे मी लोकांइतका कडक नाही. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे भागात समुद्राचं खारं पाणी विहिरींत घुसायला लागलं तेव्हा त्यांनी आधी काही वर्षं प्रयोग केले, शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर लेट्यूस, सेलरी, ब्रोकोली पिकवून तपासलं, आणि १९९८ पासून कॅस्ट्रोव्हिलच्या आसपास हजारो एकरांवर हेच पाणी दिलं जातंय, त्यात कच्ची खायची भाजीसुद्धा आहे. पण त्यांचं पाणी गाळून, निर्जंतुक करून, रोज तपासून येतं. तुमच्या सोसायटीचं रोज कोण तपासणार?

मग हिशोब असा करायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २००६ च्या पुस्तकात प्रत्येक उपायाने जंतू किती पट कमी होतात ते दिलंय. जमिनीलगतच्या भाजीला ठिबक दिलं तर शंभरपट, उंच वेलाला ठिबक दिलं तर दहा हजारपट, शेवटचं पाणी दिल्यावर काढणीआधी थांबलं की ऊन-वारा बघून दिवसाला तिपटीपासून शंभरपटीपर्यंत, स्वच्छ पाण्याने धुतलं तर दहापट, साल काढली तर शंभरपट, आणि शिजवलं की जवळजवळ सगळंच. याचा अर्थ मांडवावरचं पडवळ, दोडका, शेंगा, ठिबकवर, खुशाल. वांगी, भेंडी, माठ शिजवूनच खातो, खुशाल. कोथिंबीर, पुदिना, मुळा, काकडी, गाजर, ही पानं, फळं किंवा मुळं मातीला टेकलेली आणि कच्ची खाल्ली जाणारी, ती या पाण्यावर नको, घरात तीन वर्षांचं मूल असताना तर नकोच, त्या दोन कुंड्यांना तुमच्या किचनमधलं डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. आपल्या आज्या मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळच लावायच्या, कोथिंबीर नाही लावायच्या, अळवाचं फदफदं तर कच्चं कुणी खात नाही.

आता दिरांचं.

सेप्टिक टँक शुद्ध करत नाही, फक्त गाळ खाली बसवतो. वरून जे पाणी बाहेर पडतं ते जंतूंच्या बाबतीत जवळजवळ कच्चंच. ते सुपारीच्या आळ्यात उघडं सोडायचं, आणि मुलं त्याच आगरात सुट्टीत अनवाणी सुपाऱ्या वेचणार, इथेच खरं तर विषय संपला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जांभा. पुस्तकात लिहिलेलं असतं शोषखड्डा विहिरीपासून पन्नास-साठ फूट लांब ठेवा, ते मातीसाठी ठीक आहे, माती गाळते, वेळ लावते. जांभ्याचा कातळ म्हणजे नुसती चाळण, त्यात भेगा आणि पोकळ्या, वर ओतलेलं पाणी एखाद्या भेगेतून खालच्या घराच्या विहिरीत कधी पोचेल सांगता येत नाही. वाडी उताराला असते, विहीर बहुतेक खालच्या अंगाला. समुद्रकाठच्या पुळणीत उलटी अडचण, वाळू बऱ्यापैकी गाळते पण भूजल इतकं वर असतं की गाळायला जागाच उरत नाही.

आणि गणपती. एरवी घरात दोघं म्हातारी माणसं, चतुर्थीला मुंबईहून सगळे उतरले की पंचवीस. तोच सेप्टिक टँक, तोच खड्डा, वर श्रावण-भाद्रपदाचा पाऊस, जमीन आधीच भरलेली. गौरी-गणपतीत पोरांची पोटं बिघडतात ती दर वेळी मोदकांनीच बिघडतात असं मला तरी वाटत नाही.

जंतूंशिवाय आणखी एक, नायट्रेट. मैलापाण्यातला नत्र मुरत मुरत नायट्रेट होऊन विहिरीत जातो. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ४५ मिलिग्रॅम लिटरला. मोठ्यांना सहसा जाणवत नाही, पण सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता कमी होते, बाळ निळसर पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. वाडीत कुणाकडे तान्हं बाळ असेल तर हे आवर्जून सांगा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत विहिरीचं पाणी तपासून मिळतं, पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा जंतूंसाठी, नायट्रेट वर्षातून एकदा. नमुन्याची बाटली निर्जंतुक, त्यांच्याकडूनच आणा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, बिसलेरीची जुनी बाटली विसळून नेऊ नका.

दिरांना नुसतं नाही म्हणू नका, सुपारीला पाणी हवंच आहे त्यांना. न्हाणीचं पाणी आणि संडासाचं पाणी वेगळं करायला सांगा, बहुतेक जुन्या घरांत ते आधीपासून वेगळंच असतं, नवीन टाइल्सच्या बाथरूममध्येच एकत्र केलेलं असतं. न्हाणीचं पाणी एका छोट्या खड्ड्यातून, खडी आणि कर्दळीतून काढून, जमिनीखालच्या पाईपने आळ्यात, वर झावळ्यांचं आच्छादन, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागत नाही. साठवून ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशीच वास मारतं. बाळाचे लंगोट धुतलेलं किंवा बाळाला धुतलेलं पाणी मात्र संडासाच्या लाईनलाच, ते न्हाणीचं पाणी नाही. कपड्याच्या पावडरीचं मीठ नारळाला चालतं, माडाला खारट सोसतं, आंब्याच्या कलमाला ते देऊ नका, पानांच्या कडा करपतील. विहिरीच्या वरच्या अंगाला हेही करायचं नाही, खालच्या अंगालाच. आणि सेप्टिक टँकचं पाणी खड्ड्यातच राहू द्या.

एक आणखी, थोडक्यात. लोटे, महाड, रोहा बाजूचं कुणी वाचत असेल तर हे सगळं घरगुती सांडपाण्याबद्दल आहे, कारखान्यांच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून येणाऱ्या पाण्याबद्दल नाही. त्यातली काही रसायनं क्लोरीनने किंवा शिजवून जात नाहीत, ते पाणी भाजीला नको, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

राहता राहिला पाऊस. आपल्याकडे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडतो, त्या चार महिन्यांत लॉनला कुणी पाणी देत नाही, मग एसटीपीचं पाणी जातं कुठे? सोसायटीच्या मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. आणि मृगाच्या पहिल्या पावसात त्याच पऱ्यात पोरं वळगणीचे मासे धरायला गुडघाभर पाण्यात उतरतात. उन्हाळाभर साचलेलं सगळं त्या पहिल्या लोंढ्यात येतं, त्यात उंदरांचं मूत आणि त्यातून होणाऱ्या लेप्टो तापाची भीती वेगळी, तेव्हा निदान पहिले काही दिवस पोरांना सोसायटीच्या खालच्या अंगाला उतरू देऊ नका, वरच्या अंगाला जाऊ द्या. पावसाळ्यातही क्लोरीन चालू ठेवायला सांगा, बरेच जण "आता काय, वाहूनच जातंय" म्हणून जूनला हायपो आणणंच बंद करतात.

ऑक्टोबरमध्ये बागेची लाईन परत सुरू करताना एकदम स्प्रिंकलर लावू देऊ नका, चार महिने पाईपमध्ये साचलेलं पाणी आणि आतला बुळबुळीत थर असतो, आधी टोकाचे व्हॉल्व्ह उघडून जोराने वाहू द्या, मग जास्त क्लोरीनचं पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी काढून टाका, टोकाला ओटी टेस्ट करा, पिवळं आलं की मग लॉन. तोवर मुलांना पार्किंगमध्ये खेळू दे.